वीस पॉइंट नऊ

शिशाचा एक तुकडा, सोन्याचा वर्ख दिलेली जाळी,
मधे पोटॅशचं पाणी,
तोंडावर पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
एवढंच असतं त्या सेलमधे.
पडद्यातून हवा झिरपते, शिसं हळूहळू गंजतं,
गंजता गंजता चिमूटभर वीज देतं,
आणि काचेवर आकडा उमटतो.

वणीच्या खाणीतल्या ठेकेदाराकडून
मी अशी दोन जुनी यंत्रं घेतली.
एकाचं बटण तुटकं, दुसऱ्याला भोंगा नाही.
दोहोंचं मिळून एक केलं.
नवा सेल नागपूरहून मागवला,
तो दोन्ही यंत्रांहून महाग पडला.

माझा धंदा पंपाचा.
मारेगाव ते झरी, विहिरीतली मोटर जळली की मला फोन.
वाइंडिंग कळतं, पाइपातली गळती कानानं कळते.
हवा कळत नव्हती.
शालिकलाही कळली नाही.
"फुटव्हॉल्व पाहून येतो" म्हणाला,
चौदा हात उतरला
आणि दोरावरच बसला, थकल्यासारखा.
पाना पाण्यात पडल्याचा आवाज आला.
मग दुसरा.

आज खैरीत देवराव कुमरेची विहीर,
दोन उन्हाळे पत्र्याखाली झाकलेली.
उरकुडा आत्राम कंदील घेऊन आधीच हजर.
"आमच्या बुढ्यापासून कंदीलच सोडतो आमी.
कंदील जळते तं मानूस जगते.
तुह्या डबीले काय समजते?"
मी म्हटलं, दोन्ही सोडू. एकाच दोराला.

आधी वरची हवा पाहिली.
बाभळीखाली वीस पॉइंट नऊ.
गोठ्यात, म्हशीच्या नाकापुढं, तेवढंच.
पोलीस पाटलाच्या ओसरीवरही तेवढंच,
एक दशांशही जास्त नाही.
पोरं हसली. पाटीलही हसले, जरा उशिरानं.

मग दोर सोडला.
आठ हात. कंदील पिवळा, डबी गप्प.
अकराव्या हातावर डबी किंचाळली.
कंदील जळतच होता.
उरकुडानं माझ्याकडं पाहिलं, मी दोराकडं.
बारा. तेरा.
चौदाव्यावर ज्योत आखडली,
काचेत मान खाली घातली
आणि गेली.

वर ओढलं.
सगळ्यात खालचा आकडा डबीनं धरून ठेवला होता:
चौदा पॉइंट दोन.
उरकुडानं कंदिलाची काच पुसली, बोलला काही नाही.

मग कडुनिंबाचा डगाळा दोराला बांधून
पोरांनी विहीर घुसळली, खाली-वर, खाली-वर,
उपणणीचा पंखा काठावर आडवा लावला.
दोनदा चहा झाला.
सोळा पॉइंट आठ. अठरा. मग कितीतरी वेळ एकोणीसच.
देवराव म्हणाला, "झालं ना आता, थोडंसंच तं रायलं."
थोडंसंच.
मी काठावर बसून राहिलो.
ऊन बाभळीच्या पलीकडं गेलं
तेव्हा वीस पॉइंट सहा दिसलं,
तेव्हा उतरलो, डबी छातीवर, भोंगा वर करून.
चौदाव्या हातावर थांबलो.
थांबायचं काही काम नव्हतं.

मोटर निघाली. बेअरिंग गेलेली.
हात धुतले, डबी पेटीत ठेवू लागलो,
तेवढ्यात उरकुडाला पेटीवर खडूनं लिहिलेली तारीख दिसली.
"हे काय?"
म्हटलं, सेल मरायची तारीख.
वापरा, नका वापरू, दोन वर्षं.
पेटीतसुद्धा तो हवा खातो अन् शिसं संपवतो.
"म्हंजे हिलेई हवा लागते?"
लागते.
"मंग पेटीत कायले कोंबतं तिले?"

मला उत्तर येत होतं.
दिलं नाही.
मारेगावपर्यंत ती गाडीच्या आरशाला लटकत आली,
वाऱ्यावर,
वीस पॉइंट नऊ,
वीस पॉइंट नऊ.